पदरात घेतलेला नारळ

खारेपाट, ता. ५ जानेवारी २०२६

चि. जागृतीस,

वहिनीचा आशीर्वाद. तुझा पुण्याचा पत्ता तुझ्या मैत्रिणीकडून, प्राप्तीकडून घेतला. तिच्यावर रागावू नकोस. तीन दिवस तिच्या दारात ठाण मांडून बसले, तेव्हा कुठे वैतागून दिला.

इकडे सर्व खुशाल, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. तुझा दादा अजून डंपर चालवतो. साखरेची गोळी घेतो आणि वर चहात तीन चमचे साखर घालतो. दिपेश पाचवीत आहे. नाक थेट तुझं, हट्टही तुझाच. मी अजून अंगणवाडीतच आहे. वालाच्या शेंगा भरल्यात, पण यंदा शेतात पोपटीचं मडकं लावायला कुणाचं मन नाही.

कारण गावात परत तसंच झालंय. मुलीचं नाव लिहीत नाही. एकोणीस वर्षांची आहे, त्या वेळी तू होतीस तेवढीच. गावकी म्हणते, पोलिसांत जायचं नाही, पंच बसून मिटवतील. परवा मी मुलांसाठी खिचडी रांधत होते, तेव्हा येसाजीकाका आले. हल्ली मुख्य पंच तेच. म्हणाले, "रंगू, पोरीची आय नुसती रडतंय, तिच्यान व्हायचं न्हाय. रविवारी तू बस तिच्या बाजूनं. तुला रीत ठावं हाय."

ती रीत तू विसरली नसशीलच. पंचांनी मिटवलं की देवळासमोर घरातल्या बाईच्या पदरात नारळ घालतात. नारळ पडला की विषय संपला. नंतर त्यावर ब्र काढला तर देवाचा शब्द मोडला म्हणून घर वाळीत. तुझ्या वेळी पदर माझा होता. काकांना मी "बघते" एवढंच म्हणाले. खिचडी करपली.

आता मुद्द्याचं. अलिबागच्या रचनाताई राज्याच्या एका नव्या कायद्यासाठी दोन वर्षं झटतायत. असा गुन्हा गावात बसून मिटवला तर मिटवणाऱ्यांना शिक्षा, तक्रार करणाऱ्या मुलीच्या घराला संरक्षण, आणि जबाब देताना तिच्या शेजारी तिच्या विश्वासाची एक बाई, एवढं त्यांना त्यात हवं आहे. बावीस तारखेला मुंबईत एक समिती लोकांचं म्हणणं ऐकणार आहे. ताई म्हणतात, ऐकीव सांगणारे पुष्कळ भेटतात, पण आत बसलेली बाई बोलायला मिळत नाही. त्यांनी मला विचारलंय. पण गोष्ट तुझी आहे. तू नको म्हणालीस तर मी जाणार नाही.

त्या वेळी जे मिटवलं ते सगळ्यांनी मिळून मिटवलं, हे तू जाणतेसच. हो की नाही, एवढं कळव.

तुझी वहिनी
रंगू


ता. १५ जानेवारी

चि. जागृतीस,

आशीर्वाद. तुझं कार्ड मिळालं. अकरा वर्षांनी तीन ओळी: "माझं नाव घेऊ नकोस. बाकी सगळं सांग. दादाला माझा नमस्कार सांगू नकोस." पहिल्या दोन ओळींनी मला धीर आला. तिसरी वाचून कार्ड तांदळाच्या डब्यात लपवलं.

रविवारी मी बसले नाही. काकांच्या घरी जाऊन तोंडावर सांगितलं की मी नारळ घेणार नाही आणि मुंबईला जाणार आहे. काकांचा आवाज जरासुद्धा चढला नाही. "जा की. बैठक पंचविसला करू. तवर गाव काय म्हणतंय त बघ."

गाव काही म्हणत नाही, हेच तर आहे. सोमवारी अंगणवाडीत बावीसपैकी दोन मुलं आली. मंगळवारी त्यातलं एक. गिरणीवाला म्हणाला, लाइट गेली. पाठीमागे पट्टा फिरत होता, मला पीठ उडताना दिसत होतं. काल संक्रांतीचं हळदीकुंकू ठेवलं. चाळीस वाट्या तिळगूळ केला होता. फक्त आवडाबाई आल्या, त्याही मागच्या दाराने. कपाळाला कुंकू लावून घेतलं आणि निघताना पदराने पुसून टाकलं. वाईट वाटलं, पण त्यांच्यावर राग नाही आला. त्यांच्या जागी मी असते तर मागच्या दारानेही आले नसते.

आज सकाळी तुझा दादा शेतावर गेला, तर आपल्या बांधाच्या उघाडीची फळी कुणीतरी काढून ठेवलेली. मोठी भरती होती. खाडीचं पाणी रात्रभर आत येत राहिलं. आता तीन वर्षं त्या जमिनीत भात नाही. बांध फुटला की पूर्वी मातीच्या पाट्या घेऊन सगळं गाव धावायचं. आज पलीकडच्या बांधावर दहा-बारा माणसं हाताची घडी घालून उभी होती. दादाने एकट्याने फळी बसवली.

परत आल्यावर त्याने मला एक प्रश्न विचारला. त्याचं उत्तर मी दिलं नाही. प्रश्नही आत्ता लिहीत नाही.

वाळीत टाकण्याविरुद्ध कायदा आहे की, असं तू म्हणशील. आहे. पण त्यात मला कुणी वाळीत टाकलं हे दाखवावं लागतं, आणि इथे तर कुणी काहीच केलेलं नाही. लाइट गेली, मुलांना सर्दी झाली, उघाडीची फळी कुजकी होती.

दिपेशला मावशीकडे पेणला पाठवलंय.

तुझी
वहिनी


ता. २१ जानेवारी, दुपार

जागृती,

उद्या सकाळच्या लाँचने मुंबईला निघते. आज चौकशीला रेवसच्या धक्क्यावर गेले होते. परत वळले तर मागे कुलदीप, ज्याच्यासाठी तो नारळ पडला तोच. गेल्या निवडणुकीत निवडून आलाय, पांढऱ्या कपड्यांत असतो. अकरा वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी बोलला. "वयनी, एकट्याच चालल्या? लाँचमदी गर्दी असते. तोल सांभाळा." आणि हसला. तो कसा हसतो ते तुला मी सांगायला नको.

रचनाताईंनी पोलिसांची सोबत मागितली आहे. अजून उत्तर नाही. त्या म्हणाल्या, भीती वाटत असेल तर लेखी द्या. मी म्हटलं, लेखी मी वेगळ्या माणसाला देणार आहे.

ते हेच. तू "सगळं सांग" म्हणालीस. समितीला सांगण्याआधी तुला सांगते.

त्या संध्याकाळी तू मला सगळं सांगितलंस, आणि मी तुला अंघोळ घातली. तुझे कपडे गरम पाण्यात भिजवून दोनदा धुतले. मायेने केलं असं मी स्वतःला सांगत आले. पोलिसांना दाखवायला काही उरू नये, हे तेव्हाच माझ्या मनात होतं.

दादाला कळलं तेव्हा त्याने चपला घातल्या. म्हणाला, "जागृतीला उठव, आत्ता पोलिसांत जाऊ." मी दारात आडवी उभी राहिले. म्हणाले, जागृती नको म्हणते, तिला गावकीतच मिटवायचंय. मग आत येऊन तुला म्हणाले, दादा नको म्हणतोय, घराण्याची अब्रू जाईल म्हणतोय. तू भिंतीकडे तोंड केलंस. तो ओट्यावर बसून राहिला. तुम्हा दोघांच्या मध्ये एक दार होतं आणि त्या दारात मी होते. मला पंचांनी धमकावलं नाही, कुणी पाय धरले नाहीत. पुढच्या आठवड्यात दिपेशचं बारसं होतं. वाळीत टाकलं तर पाळण्याला कोण येणार, एवढाच विचार मी केला. बारशाला सगळं गाव आलं. येसाजीकाकांनी चांदीचा वाळा घातला. तू त्याच दिवशी पहाटे घर सोडून गेली होतीस, आणि मी पाहुण्यांना सांगत होते, तिची परीक्षा आहे.

अकरा वर्षं तू दादाला शाप देत असशील. आणि तो बांधावरून परत येऊन मला विचारत होता, "तिलाच मिटवायचं होतं, मंग तू आता कशाला उकरतंस?"

ताईंनी मला कायद्याचा मसुदा वाचून दाखवला. मिटवणाऱ्यांत मुलीच्या वतीने होकार देणारे नातेवाईकही धरलेत. काहीजण म्हणतात, ते वाक्य काढा, नाहीतर घरचेच विरोधात जातील. उद्या मी तेवढ्यासाठीच उभी राहणार आहे. ते वाक्य राहू द्या, असं सांगणार आहे. पंचविसला त्या पोरीसाठी पदर पसरायला जी कुणी बाई तयार होईल, तिला त्याआधी भीती वाटली पाहिजे. मला वाटली असती तर मी दारातून बाजूला झाले असते.

माफी मागत नाही. मागायला तोंड नाही, आणि तू दिलीस तर मला जड जाईल.

दादा ओट्यावर डंपरची चावी घेऊन बसलाय. अलिबागला जातोय, पोस्टात काही टाकायचं का, असं विचारतोय. पाकिटावर पत्ता लिहिलाय, पण ते चिकटवलेलं नाही. तसंच उघडं त्याच्या हातात देणार आहे, आणि आधी वाच म्हणणार आहे. मग तो काय करील मला माहीत नाही. पत्र तुला पोचलं, तर समज की त्याने वाचलंय.

उद्या मी तिथे पोचले नाही, किंवा पोचून शब्द फिरवला, तर हेच पुढे कर. कुणी लिहून घेतलेलं नाही, कुणी सांगितलेलं नाही.

रंगू दत्तात्रेय घरत,
वय बेचाळीस, अंगणवाडी सेविका.
होकार मी दिला होता.