मॅगझिनचे ओठ

मामंजी,

काल नात नेमबाजीच्या रेंजवरून आली आणि मी संध्याकाळभर हसत होते. कॉलेजातर्फे जाते ती, पिस्तूल चालवते, तुम्ही असतात तर जळून खाक झाला असतात. म्हणाली, "आजी, आज माझ्या पिस्तुलात गोळी सारखी अडकत होती. नळीत शिरायच्या आधीच तोंड खाली घालून बसायची." मी विचारलं, मग सरांनी काय केलं गं? "काय करणार? दुसरं मॅगझिन लाव म्हणाले. ते चाललं. पहिलं दुरुस्तीला टाकलं." मी म्हटलं, आणि तू जेवलीस? "सँडविच खाल्लं ना. असं काय विचारतेयस?" मला इतकं हसू आलं की ठसका लागला, तिला पाणी आणायला पळावं लागलं. म्हणून हे लिहायला बसले. माझं शिक्षण चौथी, तीही अर्धवट. पण माझ्या चुका काढणं हे तुमचं आवडतं काम, तेव्हा काढा बसून.

तुमचा मुलगा वारला तेव्हा पूनम सागर वसाहतीतली आपली बिल्डिंग नवीकोरी होती, जिन्यात अजून सिमेंटचा वास यायचा आणि पाण्याच्या टँकरमागे आम्ही बायका कळशा घेऊन धावायचो. एकदा माझी कळशी तिसऱ्या मजल्यावरच्या पंजाबीणीने पळवली, ती मी तिच्या न्हाणीघरातून ओढून आणली होती. पण ते राहू दे. तुम्ही पोलिसांच्या हत्यारखान्यातून रिटायर झालेले, स्टेशनाजवळ सेठचं परवान्याचं बंदुकांचं दुकान होतं, तिथे मागच्या खोलीत बंदुका, पिस्तुलं दुरुस्त करायचात. हात थरथरायला लागले ते सेठला कळू द्यायचं नव्हतं. म्हणून चहापाण्याला म्हणून मला नेऊ लागलात. पडद्यामागे डोळे तुमचे, हात माझे. पहिल्याच दिवशी शेअर रिक्षात चार माणसांत तुम्ही मला म्हणालात, "काम जमलं तर घरात राहशील. नाहीतर गावाहून पुतण्याला आणतो. तो दुकानात बसेल आणि घरातही तोच राहील. तू पोरीला घे आणि माहेरी जा." माहेरी माझी भावजय मला उंबऱ्यावर उभी करत नव्हती, हे तुम्हाला माहीत होतं. पोर माझी तेव्हा बालवाडीत.

मग ते एका बिल्डरचं बत्तीस बोरचं पिस्तूल. तुम्ही ते फडक्यावर ठेवलंत, शेजारी गोळ्या भरायची दोन मॅगझिनं आणि दारू नसलेल्या खोट्या गोळ्या. "शेवटची गोळी जाईपर्यंत कुठे अडकता कामा नये. तोवर डबा उघडायचा नाही," म्हणालात. दोघांचे डबे मीच भरलेले, त्यात कोलंबीचं कालवण. तुमचा तुम्ही उघडलात. मी स्लाइड ओढतेय, सोडतेय, गोळी पुढे सरकतेय आणि नळीखालच्या उतारावर नाक खुपसून थांबतेय. तुम्ही कोलंबीची सालं माझ्या बाजूला ठेवताय. मी उतार पुसला, तेल लावलं, पुन्हा तेच. कानस उचलली तर तुम्ही पितळी सळई माझ्या बोटांवर मारलीत. "उताराला हात लावलास तर बोटं कापीन. झिजवलेलं लोखंड तुझा बाप परत आणून देणार आहे?" रात्री घरी मी तुम्हाला वाढलं, पोरीला भरवलं, आणि तुम्ही माझं ताट भिंतीला टेकवून उभं करून ठेवलंत.

दुसऱ्या दिवशी सेठ पडदा सारून आत आला. मी पटकन चहाचा कप हातात घेतला. तो म्हणाला, "क्या चाचा, बहू का मुंह उतरा हुआ है?"

"उपास है उसका."

"आज कौनसा उपास?"

"पिस्तूल का."

दोघं मिळून हसलात. सेठ तर डोळे पुसत बाहेर गेला. मी भुकेने पिस्तुलाकडे बघत बसले, आणि भुकेलं माणूस कसं एकाच गोष्टीकडे बघत राहतं, तसं मला दिसलं की मी दोन्ही मॅगझिनं मिसळून लावतेय. दुपारी तुमची डुलकी लागली तेव्हा पिशवीतल्या नेलपॉलिशचा एक ठिपका एकाच्या बुडाला लावला. ठिपक्याचं लावलं की गोळी अडके. बिनठिपक्याचं लावलं की सगळ्या सरळ नळीत. मग दोन्ही उजेडात शेजारी धरली. गोळ्या एकावर एक रांगेत उभ्या असतात, त्यांना वरून धरणाऱ्या पत्र्याच्या दोन वळलेल्या कडा, तुम्ही त्यांना ओठ म्हणायचात. ठिपकेवाल्याचा एक ओठ फाकलेला होता. गोळी वाकडी सुटत होती, पिस्तूल बिचारं काय करेल. तुम्हाला उठवलं. तुम्ही बारीक पकड माझ्या हातात दिलीत. "जरासाच. जास्त दाबलास तर गोळी बाहेरच येणार नाही." मी जरासाच दाबला. शेवटची गोळीसुद्धा गेली.

तुम्ही तुमच्या हाताने माझा डबा उघडलात, वास घेतलात, आंबलं म्हणून मोरीत ओतलंत. आणि म्हणालात, "राहा."

परतताना रिक्षात तुम्ही खुशीत होतात. मध्येच सांगितलंत, "ते पिस्तूल बिल्डरने साफ करायला दिलंय फक्त. ओठ मीच पकडीने उघडला होता." समोर बसलेल्या माणसाला काही कळलं नाही, पण तुम्ही हसताय म्हणून तोही हसला.

पुतण्याला तुम्ही बोलावलं नाहीत, हे मान्य. मग मी तुमचे हात होऊन बसले, तुम्ही अंथरुणाला खिळेपर्यंत. तुम्ही गेलात त्याच आठवड्यात सेठने हत्यारं उचलून ठेवली. "बहू, परवाना कहां है? तुम तो चाय बनाती थी." इतकं शिकले ते सगळं एका दिवसात फुकट. मी पोळ्या लाटून दिल्या लोकांना, पोरीचं लग्न केलं. तुमची कवळी कचऱ्यात टाकली, तुमच्या खुर्चीवर पाय वर घेऊन बसते, आणि तुमच्या खोलीत नात मोठ्याने गाणी लावते. मजेत आहे मी.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही. पाठवता आलं असतं तरी पाठवलं नसतं, वाचून तुम्ही मिशीत हसला असतात. पण तुम्ही वाचणारच नाही तर सांगते. "राहा" म्हणालात तेव्हा मी मान खाली घातली, ती भुकेने नाही. मला लाज वाटली, नव्या नवरीला वाटते तशी, इतकं ते कानाला गोड लागलं. आणि रिक्षात तुम्ही खरं काय ते सांगितल्यावरही ते कडू झालं नाही. तुमच्या मुलाने सबंध संसारात मला तेवढं चांगलं काही म्हटलं नव्हतं, मामंजी.