मुंगीचं माप

दि. ४ मे

तीर्थरूप ताईस,
सा. न. वि. वि.

तुझी भाची मला वेड लावणार बघ. पाच वर्षांची पोर, पण तोंड असं मिटते की चमचा आत जाईल तर शपथ! पालक डाळीत लपवला, गाजर भातात किसून घातलं, अंड्याला टोमॅटोचे डोळे लावले. डोळे तिनं बोटानं उचकटून शिलाई मशीनच्या खणात ठेवले आणि कुणा गिऱ्हाइकाच्या रेशमी अस्तराला डाग पडला. हसू नकोस. डॉक्टर म्हणाले, सहा महिन्यांत वजन वाढायचं सोडून उतरलंय.

म्हणून शनिवारी तिला तिच्या बाबांबरोबर तुझ्याकडे पाठवते आहे. कारखान्याच्या कँटीनमध्ये तू दोनशे जणांना जेवू घालतेस, ही एक मुंगी तुला काय जड? मी मात्र हात टेकले.

लोभ आहेच, तो थोडे दिवस मुंगीकडे वळव.

तुझी धाकटी

---

दि. १३ मे

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

पत्र बसून वाच. मुंगी खेळते-बागडते आहे, तेवढं आधी सांगते.

पहिले दोन दिवस तिनं माझीही डाळ शिजू दिली नाही. काल जेवायला हाक मारली तर बाई न्हाणीघरात. दार ढकललं. फ्रॉक वर धरून ती कमरेभोवती सुतळी गुंडाळत होती. सुतळीला एक गाठ. विचारलं, तर शाळेतला धडा म्हणावा तसं तिनं सांगितलं, की टोक गाठीला पोचलं तर जेवायचं, नाही पोचलं तर नुसतं पाणी प्यायचं. आई रोज सकाळी टेपनं असंच बघते. मोठ्या बायका जेवत नाहीत, त्या जेवू घालतात, असंही वर मला ऐकवलं.

दोनशे जणांची पातेली उतरवणारी मी, तिच्या हातातून ती सुतळी घेतली आणि तिथंच गाठ सोडवत बसले. पाच वर्षांची पोर! तुला खूप बोलणार होते, दोनदा लिहून पत्र फाडलं. एवढंच विचारते, तिच्यासमोर बसून तू शेवटची कधी जेवलीस?

रागावले आहे, पण माया पातळ झालेली नाही. लगेच लिही.

ताई

---

दि. १७ मे

तीर्थरूप ताईस नमस्कार. पुढचा मायना आज सुचत नाही.

कात्री हातात असतानाच पत्र वाचलं आणि तशीच खाली बसले. सगळं खरं आहे. मागच्या वर्षी एक गिऱ्हाईक बाई हसत म्हणाली, की शिंपिणीलाच स्वतःचे कपडे होत नाहीत. तेव्हापासून सकाळी टेप आणि दुपारी नुसता चहा. मुंगी पायाशी चिंध्या घेऊन खेळत असायची. तिला काय कळतंय, असं मी धरून चालले. तिच्या ताटासमोर मी चमचा घेऊन उभी असायचे. शेजारी बसून जेवल्याचा एक दिवस आठवून बघितला, आठवेना.

आज हे लिहिण्याआधी स्वतःला वाढून घेतलं. भात, डाळ, पालक. तीन घास गेले. चौथा घशातच अडकला, काही केल्या उतरेना. त्या वेळी कुणी समोर चमचा घेऊन उभं असतं तर मी ताट भिरकावलं असतं. पोरीला मी वर्षभर हट्टी म्हणत आले.

रविवारी येते. तिला रागावू नकोस. मला तिच्या शेजारी बसव. त्या दिवशी तिनं नाही खाल्लं तरी चालेल, मी खाते आहे एवढं तिला दिसू दे. आणि ताई, मला नाही जमलं तर तू भरव, आधी मला.

लायक नसले तरी माया असू दे.

धाकटी