सुकाणू माझ्याच हातात

३ तारीख, सकाळ
निवड चाचणीला तीन आठवडे. एकच जोडी पुढे ऑलिम्पिकच्या पात्रता फेरीला जाणार. कोण जाणार ते उघड आहे, तरी चाचणी घेतायत. हौस त्यांना.
आमचा वर्ग चारशे सत्तर. दोघांची शिडाची होडी, एक पुरुष आणि एक बाई. सुकाणू माझ्याकडे, म्हणजे डोकं माझं. आत्येबहीण पुढचं शीड बघते आणि तारेला लटकून होडीबाहेर झुकते, होडी कलंडू नये म्हणून. म्हणजे फक्त वजन तिचं.
संकल्प: रोज पाचला उठून धावणे. गोड बंद.

४ तारीख
साडेसातला उठलो. धावून पाय दुखले असते तर सुकाणूवर परिणाम झाला असता.

७ तारीख
सराव. दहा होड्यांत नववे आलो. दहावी उलटली होती.
बहीण म्हणाली, दादा, वारा उजवीकडून येणारसं दिसतंय, वळू या का. मी अकरा वर्षं शाळेत भूगोल शिकवतोय, मला वारे शिकवते. वळलो नाही. वारा उजवीकडूनच आला, पण अवेळी.

१० तारीख
पहिल्या नंबरच्या जोडीतली सुकाणूवाली जिन्यावरून पडली, मनगट मोडलं. तिचा जोडीदार, तो औषधाच्या दुकानातला कंपाउंडर, तोंड पाडून बसला होता. मी सांत्वन केलं. एक होडी कमी झाली.
कोच आमच्या होडीवर कॅमेरा लावणार आहे. उत्तम. नेतृत्व कशाला म्हणतात ते लोकांना बघायला मिळेल.

१२ तारीख, संध्याकाळ
क्लबात सगळ्यांसमोर व्हिडिओ लावला. एकेचाळीस मिनिटांत बहिणीची सहा वाक्यं, बाकी मी. मी वाऱ्याला रागावतो तिथे लोक हसले. आवाज नीट रेकॉर्ड झालेला नाही.
कोचने तिची सहा वाक्यं परत परत लावली. म्हणाला, हिचं ऐकलं असतंत तर तिसरे आला असतात. काठावर बसून अकलेचे तारे तोडायला काय जातं.

१५ तारीख
कोचने जागा बदलायला लावल्या. ती सुकाणूवर, मी तारेला. मुद्दाम विरोध केला नाही, म्हटलं तोंडघशी पडू दे.
तिसरे आलो.
कारण साधं आहे. माझं वजन. ही गोष्ट इतकी वर्षं कोणाच्या लक्षात कशी आली नाही? गोड पुन्हा सुरू केलं.

१९ तारीख
बहीण घरी आली. चहा अर्धा ठेवून म्हणाली, दादा, मी कंपाउंडरबरोबर चाचणीला उतरतेय, सुकाणू मी धरणार. म्हटलं, खुशाल. चार दिवसांत रडत परत येईल. मी फोन सायलेंटवर ठेवणार नाही.

२३ तारीख
फोन आला नाही. रेंजचा प्रश्न असावा.

२४ तारीख, दुपार
चाचणी. बाबांना घेऊन धक्क्यावर गेलो, तिला धीर द्यायला.
ती पहिली आली. दुसरी होडी इतकी मागे की मला आधी ती वेगळ्या शर्यतीतली वाटली.
किनाऱ्यावर तिला बाजूला घेतलं. विचारलं, इतकं येत होतं तर चार वर्षं माझ्याबरोबर कशी काढलीस. वाटलं, म्हणेल, दादा, तुझ्याकडूनच शिकले. ती केस पुसत राहिली. मग हळूच म्हणाली, मामांनी हात जोडले होते रे. म्हणाले, त्याच्याबरोबर कोणीच बसत नाही, तू तरी बस.
मला राग यायला हवा होता. आला नाही. खूप लाज वाटली.
तिचे मामा म्हणजे माझे बाबा. ते कंपाउंडरबरोबर ओलं शीड गुंडाळत होते. मी जाऊन एक टोक धरलं. बाबा म्हणाले, तो सांगतोय तसं धर.