आंब्याच्या वासाचा गांजा

१८ नोव्हेंबर
झाडं छपराच्या वर गेली! पानं अरुंद, बांबूच्या पानांसारखी. फुलं अजून विरळ, लांबट. शेजारचा बुनलोम हसतो – "पिकुनताई, माझी परदेशी झाडं कमरेएवढी, दोन महिन्यांत कापून मोकळा झालो. तुम्ही काय आता शिडी लावणार?" हसू दे. बी इथल्याच फू फानच्या डोंगरातलं आहे, जुनं. त्याला घाई चालत नाही.

११ डिसेंबर
वास सुटला! आधी पिकलेला आंबा, मग अननस, शेवटी जरासा गवती चहा. गल्लीतल्या बायका विचारतात, फळं कुठे पिकत घातलीस?
आई मात्र दारातच थबकली. चेहरा पांढराफटक. "उपट ती." एवढंच. जेवलीही नाही. आता कायद्याने चालतं म्हटलं, नोंदणीचा कागद दाखवला. बघितला नाही.

१२ डिसेंबर
एक फूल सुकलं होतं, त्याचा झुरका घेऊन पाहिला. बुनलोमच्या मालाने माणूस म्हशीसारखा बसून राहतो. याचं उलट – डोकं लख्ख, जीभ सुटलेली. बडबडत सगळं घर झाडून काढलं! आई बघत होती. म्हणाली, "तोही असाच बडबडायचा."
कोण?
"तुझा बाप."
झाडू हातातच राहिला. बाबांचं नाव ती कधी काढत नाही. मी सहा वर्षांची असताना ते नोंगहान तळ्यात बुडाले – मला माहीत आहे ते एवढंच.

१३ डिसेंबर
दुपारी आईने आपणहून मागितलं. "दे मला एक झुरका." ठसकली, डोळ्यांत पाणी. मग बोलायची थांबेचना.
बाबा बुडाले नाहीत! हेच झाड ते डोंगरावर लावायचे. माल बैलगाडीतून खाली आणायचे – गठ्ठ्यांवर गवत, आणि गवतावर मी! "पोर बघून पोलीस हात हलवायचे. तूही हलवायचीस."
आठवतंय मला. बाबांबरोबरची माझ्याकडे तेवढी एकच आठवण आहे.
"शंभरदा सांगितलं, पोरीला बसवू नकोस. ऐकलं नाही. मग मीच चौकीत जाऊन सांगितलं. बारा वर्षांची शिक्षा झाली त्याला."
त्रेचाळीस वर्षं मी त्या तळ्यात फुलं सोडतेय! दर वर्षी ही शेजारी उभी. गप्प!

१४ डिसेंबर
भाताची टोपली आईपुढे ठेवली, झालं.

१५ डिसेंबर
शेवटी विचारलंच – तुरुंगातच वारले का?
आई चिकट भाताचा गोळा वळत होती. "सुटला की. तुझ्या लग्नाला आला होता, मागे बसून जेवला. तूच पाणी दिलंस त्याला. म्हणालीस, काका, लाजू नका, अजून भात घ्या."