बोटांकडून वर

ताई,

पन्नाशीत मी बर्फावरचं स्केटिंग शिकतेय. हसून घे. काल गिरकी घेताना सपशेल आडवी झाले. शिकवणाऱ्या बाई आल्या, पण अगं नाही की अरेरे नाही. कोरड्या चेहऱ्याने म्हणाल्या, “बोटं हलवा.” मग उजव्या मनगटाला पट्टी बांधली, बोटांकडून वर.

तेव्हा तू आठवलीस. युद्धातल्या नर्सांची ती मालिका बघताना तू टीव्हीवरच खेकसायचीस, “कोपराकडून काय बांधतेस? बोटं सुजतील त्याची.”

आईच्या शेवटच्या दिवशी तू तिला शांतपणे सुई लावत होतीस आणि मी म्हणाले, “मालिकेतल्या नर्सा निदान रडतात तरी.” त्यानंतर तू आली नाहीस. मीही पडले तरी नाक वर, बोलावलं नाही. तुझा हात थरथरला असता तर आईलाच दुखलं असतं, हे कळायला मला बर्फावर आपटावं लागलं.

मालिकेचा शेवटचा भाग अजून पाहिलेला नाही. चुका कोण काढणार?

हे पत्र टाकणार नाही. डाव्या हाताचं हे अक्षर पाहिलंस तर सगळं विसरून धावत येशील. त्याआधी मला तुझ्या दारात येऊन माफी मागायची आहे.

तुझी,
धांदरट