सुंदरीच्या आवाजाची पेटी

सोलापूर,
रविवार, २ मे १९७६

शिवयोगी गड्या,

पुण्याचा उन्हाळा सोसतोयस ना? इकडचं सगळं ठीक, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला. एकदा बसलो तर पेनात शाई नव्हती. शाई आणली त्या दिवशी गल्लीतनं अस्वलवाला चालला होता, त्याच्या मागं थेट रेल्वे फाटकापर्यंत गेलो. अस्वल लई म्हातारं होतं, नाचायच्या ऐवजी बसूनच राहायचं. पण ते जाऊ दे. खरं म्हणजे मी लिहायचं टाळत होतो.

तू दोन गोष्टी विचारल्यास. गिटारला जोडायची ती पेटी वाजली का, आणि अप्पा कसे आहेत. आधी पेटीचं सांगतो.

तू पाठवलेला तांब्याच्या पट्ट्यांचा, भोकाभोकांचा बोर्ड आणि ते दोन बारके, तीन पायांचे ट्रान्झिस्टर नीट पोचले. तुझा जोडणीचा नकाशाही पोचला, आणि तिथंच घोळ झाला. तू नकाशा वरनं दिसतो तसा काढलास. पट्ट्या असतात खाली. मी बोर्ड पालथा घातला आणि कागदावर दिसतं तसंच ड्रिलच्या टोकानं पट्ट्या तोडत गेलो. पालथा घातल्यावर डावं उजवीकडं जातं, हे सगळ्या पट्ट्या तुटल्यावर कळलं. शेजारी मागावर जाणारे एक तेलुगू काका राहतात. ते बघून म्हणाले, "अरे, लुगडं उलटं धरून किनार काढलीस की!" मग तुटलेल्या जागा तारेच्या तुकड्यांनी शिवल्या आणि बरोबर जागी नव्यानं तोडल्या. आता तो बोर्ड वाकळेसारखा दिसतो.

तरीपण नीट वाजेना. आधी नुसती शिट्टी. मग त्यातनं बातम्या यायला लागल्या. गिटारची तार छेडायची आणि भोंग्यातनं बाई हवामान सांगायची! तू लिहिलं होतंस की लोखंडी डब्यात घाल, बाहेरचं काही आत शिरणार नाही. काकांनी मोडक्या मागाच्या मोटरीच्या स्विचची पेटी दिली. तिच्यात बोर्ड बसवला, वर पायानं दाबायचं बटण बसवलं. बाई गप्प झाली.

मग बटण दाबून तार छेडली. शिवयोगी, आवाज थांबेचना! मला सिनेमातल्या गाण्यांसाठी फाटका, घोगरा आवाज पाहिजे होता. फाटका तर झालाच, पण नाकातनं निघाल्यासारखा, धारदार, लांबच लांब. मी घाबरून बोट उचललं. हुबेहूब सुंदरी. तुझ्या अप्पांच्या मुठीत मावणारी, सनईची ती एवढीशी बहीण.

आता अप्पांचं. मामांचं म्हणतो, माझ्या तोंडी तेच बसलंय.

पुढचे दात पडल्यापासून त्यांच्या ओठांची पकड राहत नाही. वारा बाजूनं सुटतो. वैरागच्या लग्नात वर नेलेला सूर मधेच फाटला, तर नवरीकडची पोरं हसली. परतीच्या टेंपोत मामा पुढं न बसता ढोलांच्या मागं जाऊन बसले. हे तुला कुणी कळवलं नसणार.

आमच्या बँडपार्टीचा मालक महिपतीशेठ तसा वाईट माणूस नाही. त्यानं माझी पेटी ऐकली आणि मांडीवर थाप मारून म्हणाला, "जोत्या, ही तर गुरप्पाची सुंदरी! आन् हिला दात लागत न्हाईत की रं!" मग गंभीर होऊन म्हणाला, "शनिवारी मोडनिंबचं लगीन हाय. गाडीवर फुडच्या जागेला तू बस. गुरप्पाला मी सांगतो."

पुढची जागा म्हणजे काय, हे मी तुला सांगायला नको. सुंदरीवाला तिथं बसतो, त्यानं सूर दिल्याशिवाय बाकीचे वाद्याला तोंड लावत नाहीत. लहानपणी तू तिथं चढून बसलास म्हणून मार खाल्लास, हे मामांनीच मला हसत सांगितलंय.

मी व्हय म्हणालो नाही. न्हाय पण म्हणालो नाही. "बघू की," म्हणालो. शेठ म्हणाला, "बघायचं काय त्यात? रविवारी संध्याकाळी येतो, सांग." तो रविवार आज आहे.

अजून एक राहिलं. शेठ गेल्यावर मी वाजवतच बसलो होतो. मामा तालमीला आले आणि दाराबाहेरच थांबले. "यारदु?" त्यांनी कानडीत विचारलं. "कोण आलंय सुंदरी वाजवायला?" मी पेटी दाखवली. त्यांनी वाकून तिच्यावर हात ठेवला, लगेच काढून घेतला. "छान हाय," म्हणाले. चहा टाकतो म्हणालो तर थांबले नाहीत, घरी जायला अक्कलकोटची एस.टी. धरली. तेव्हापासून तालमीला आले नाहीत. तुमच्या शेजारच्या गोजाबाई मावशींचा निरोप होता की सुंदरी फळीवर ठेवलीय आणि तुझे अप्पा दिवसभर मराठी पेपर धरून बसतात. कानडीशिवाय काही वाचता येत नाही त्यांना, तरी पान उलटतात.

गड्या, मला ती जागा पाहिजे. हेच लिहायचं टाळत होतो. कुर्डुवाडीला हमाली केली, करमाळ्याला सायकलच्या दुकानात राहिलो, सर्कशीचे खुंटे ठोकत विजापूरपर्यंत गेलो. सगळं अर्ध्यावर टाकलं. ही पेटी माझ्या हातनं पुरी झालेली पहिली वस्तू आहे, आणि ती वाजते. सर्कस गेल्यावर ज्यांनी मला घरात झोपायला जागा दिली, सा कुठला नि प कुठला ते शिकवलं, नेमकं त्यांच्याच जागेवर वाजते. शेठला काय सांगू? हे पत्र तुला मिळेपर्यंत शेठ येऊन गेलेला असेल, हे कळतंय मला. तरी विचारतो.

थांब, कडी वाजतेय. शेठ लवकर आला वाटतं.

शेठ नाही. मामा आलेत! निरोप नाही, काही नाही. काखेत सुंदरी, घामानं सदरा भिजलेला. पाणी दिलं. खाटेवर बसले आणि कागदाकडं बोट करून म्हणाले, "कुणाला लिवतोस?"

"शिवयोगीला."

"लिव. बाप अजून जित्ता हाय म्हणून लिव." मग विचारलं, "महिपती आला व्हता?"

"येणार हाय आता."

"येऊ दे की. त्याच्यासाठीच आलोय." तांब्या खाली ठेवला. "ऐक जोत्या. फुडची जागा माझी. दात पडले म्हणून जागा पडत न्हाय. पर सुंदरीवाल्याच्या बाजूला सूर धरणारा बसतो. आमचा गुरुलिंग गेल्यापासनं तितं कोण बसलं न्हाय, आन् महिपतीनं कुणाला बसवलं बी न्हाय. एकच सूर, पयल्यापासनं शेवटापतूर. मी दम घेतला, माझा सूर फुटला, तरी खालचा हलायचा न्हाय. गुरुलिंगाला बी दम लागायचा. तुज्या पेटीला लागत न्हाय."

"आन् गाणी?" मी विचारलं.

"गाणी मी वाजवतो. तू धर."

"रातभर एकच तार, मामा?"

"व्हय."

"मला एका जागी बसवत न्हाय, ठावं हाय की तुमाला."

"ठावं हाय. म्हणून तर इचारायला आलो. न्हाय तर नुस्ता निरोप धाडला असता."

राग आला मला, खोटं सांगत नाही. तापल्या कथलाचे एवढे चटके खाऊन पेटी केली ती एकाच सुरासाठी? पण माझा हात वायर जोडायला लागला होता. मामांनी डाव्या बाजूच्या उरलेल्या दातावर सुंदरीची फुंकायची पत्ती टेकवून बघितली, निसटली, परत टेकवली. मग फुंकले. सूर आला, डळमळला, तुटला. मी बटण दाबून खालची तार धरली. मामांनी दम घेतला आणि वर परत चढले. खोलीतल्या सुरात कुठंच भोक पडलं नाही रे.

गल्लीत महिपतीशेठचा आवाज येतोय. मामा म्हणतात, तू बोलू नकोस, नुस्तं धर. पत्र बंद करतो, पेटीला हात आणि पाय दोन्ही लागतात.

तुझा,
तुझ्या अप्पांच्या बाजूला बसलेला
जोतीराम