धोंडुआत्या, सहसंस्थापक

तीर्थरूप धोंडुआत्यास,

अपेक्षाचा सांगलीहून वाकून नमस्कार. तुझा गुडघा आणि मेंढरांचे खूर, दोन्ही बरे असतील आणि माळावर थोडं तरी गवत आलं असेल असं धरून चालते. मी बरी आहे. (फोनवर तू "बरी हाईस न्हवं?" विचारतेस, मी "व्हय" म्हणते आणि बोलणं संपतं. म्हणून हे पत्र.)

आधी माफी मागते. गेल्या आठवड्यात मंगळवारी तुला एका साहेबांचा फोन आला, त्याला कारण मी. आमच्या कॉलेजात सध्या स्टार्टअपची साथ आली आहे. स्टार्टअप म्हणजे स्वतःची नवी कंपनी, बहुतेक वेळा मोबाइलमध्येच. नोकरी करीन म्हणणाऱ्याची इथे ताप आल्यासारखी विचारपूस होते. वर्गात आम्ही बेचाळीस, त्यातले एकेचाळीस सीईओ (म्हणजे कारभारी). हाताखाली काम करायला कुणीच नाही. मी तयार होते, पण मला कुणी विचारलं नाही. सगळ्यांची ॲप मात्र मी इमानाने वापरली आणि चुका लिहून दिल्या. तेव्हापासून कँटीनमध्ये माझ्या बाकावर कुणी बसत नाही.

मग स्पर्धा आली. अर्जात सहसंस्थापकाचा रकाना होता. माझी कल्पना तुझ्याच कामावरून सुचलेली: कुणाला खतासाठी रानात मेंढरं बसवून हवीत, ते आपल्या लोकांना मोबाइलवर कळावं. त्यावर एकटीचं नाव घालणं मला पटेना, म्हणून तुझंही घातलं. शिक्षण, चौथी. अनुभव, पस्तीस वर्षं. (मला बाराखडी तूच काठीने मातीत काढून शिकवलीस, हेही लिहिलं. जागा उरली होती.) परीक्षकांनी फोन केला, तर तू ओरडलीस, "कोण हाय रं? मेंढरं मकंत शिरली, ठेव फोन!" साहेब भारावून गेले. "संस्थापक असावा तर असा, कामापुढे फोनलाही वेळ नाही," असं दोन दिवस सगळ्यांना सांगत होते. आपली निवड झाली.

त्यावर ऋषिराज माझ्या बाकावर येऊन बसला. घरचा भरपूर ऊस आहे त्याचा. "मेंढरांचं कसलं ॲप करतीस?" म्हणून यानेच वर्ग हसवला होता. आता म्हणतो, "काम तू बघ, सीईओ मी होतो." आत्ये, खरं सांगते, मी हो म्हणणार होते. महिन्याभराने कुणीतरी समोर बसलं होतं. पण तुझ्या परवानगीशिवाय कसं ठरवायचं? "आत्याला विचारून सांगते," म्हणाले. तो चहा अर्धा टाकून उठला.

बाकी सर्व ठीक. कुत्र्याला माझी आठवण सांग.

तुझी,
अपेक्षा

ता. क. स्पर्धा शनिवारी अकराला आहे. दोघींनी मंचावर जायचं आहे. सकाळच्या एसटीने ये, मी स्टँडवर असेन. जास्त बोलावं लागणार नाही, फोनवर बोललीस तेवढं पुरे.

ता. क. २. लपवून झोप लागत नाही, म्हणून लिहिते. सहसंस्थापक सक्तीचा नव्हता. एकट्यानेही भाग घेता येतो, असं अर्जाच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलं होतं, आणि नाव घालण्याआधी मी ते दोनदा वाचलं होतं. तरी ये. स्पर्धा रद्द झाली तरी ये. दोन दिवस मेंढरं शेजारचे नाथाजीकाका बघतील, त्यांना मी आधीच विचारलं आहे.